दोन बोटांचं धनुष्य

माघ संपता संपता कोरेगावच्या आसपासच्या रानांत शाळूची काढणी सुरू होते. सकाळी शाळेला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना बायका वाकलेल्या दिसतात, उपटलेल्या धाटांच्या ओळी पडलेल्या दिसतात आणि एखाद्या वळणावर तो वास येतो. वाळत आलेल्या कडब्याचा. किंचित गोड, किंचित मातकट, घशाशी खवखवणारा. मी स्कूटीचा वेग कमी करते. थांबावंसं वाटतं आणि पळून जावंसंही वाटतं. त्याच वेळी उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक खाजायला लागतं. खरं तर ते टोक तिथं नाहीच. नखासकट एक पेर गेलेलं आहे, त्याला वीस वर्षं होत आली. पण सुगी आली की ते नसलेलं पेर हटकून खाजतं, आणि खाजवायला जावं तर हाताला नुसती हवा लागते.

शाळेत मी मुलींना खेळ शिकवते. खडू मधल्या बोटात आणि अंगठ्यात धरते. नवीन वर्गातल्या मुली सुरुवातीला माझ्या हाताकडं चोरून बघतात. मग एखादी धीट पोरगी विचारते, "बाई, बोटाला काय झालं?" मी सांगते, "कडबा कुट्टीत गेलं." तेवढ्यानं त्यांचं भागतं. जनावरांसाठी कडब्याचे तुकडे करणारं ते विजेवरचं यंत्र यांतल्या निम्म्या मुलींच्या गोठ्यात असतं, त्यांना आणखी काही सांगावं लागत नाही. माझं मात्र भागत नाही. त्या एका वाक्यात ती सुगी मावतच नाही.

आमचं गाव विट्याच्या पुढं, पूर्वेला, पाऊस जिथं यायचा कंटाळा करतो त्या रानात. गावातली निम्मी पुरुषमाणसं कायम बाहेर. दूरदूरच्या शहरांत सोनं गाळायची दुकानं टाकून बसलेली. आमच्याकडं त्या धंद्याला गलाई म्हणतात. जुनं सोनं तेजाबात उकळायचं आणि भेसळ बाजूला काढायची. माझे आप्पा कोइमतूरला होते. ते यात्रेला आणि दिवाळीला यायचे, पाहुण्यासारखे चार दिवस राहायचे आणि जाताना आईला उगाच काहीतरी सूचना करून जायचे. घरी आई, मी, दोन म्हशी आणि थोड्या मेंढ्या. आजोबांच्या काळात मोठा कळप होता. त्यातलं एवढंच उरलेलं.

त्या सुगीच्या आदल्या दिवाळीत मामा आमच्याकडं राहायला आले. आईचे थोरले भाऊ. त्यांची गलाई टाटानगरला होती. मामी लवकर गेल्या, मूलबाळ झालं नाही. तेजाबाच्या वाफेनं छाती धरली, डॉक्टरांनी धंदा सोडायला सांगितला, तेव्हा दुकान पुतण्याच्या हवाली करून ते बहिणीच्या दारात उतरले. परमुलखातून येणारा माणूस काय घेऊन आला याकडं आमच्या गावाचं फार बारीक लक्ष असतं. मामांनी आणली एक पत्र्याची पेटी आणि सुतळीनं आवळलेली बांबूची मोळी. पारावरची माणसं पुढं कितीतरी दिवस हसत होती. "लोकं सोनं आणत्यात, ह्यानं बांबू आणला!"

टाटानगरला गावाबाहेरच्या एका वस्तीवर धनुष्यं करणारा एक म्हातारा राहायचा. सुट्टीच्या दिवशी मामा त्याच्यापाशी जाऊन बसायचे. बघून बघून त्यांच्याही हाताला ते लागलं. मी एकदा विचारलं होतं, "मामा, तुमाला ह्याची आवड कशी लागली?" त्यांनी जरा विचार केला. "आठवडाभर तेजाबाम्होरं बसायचं गं. मग वाटायचं, ज्याला वास न्हाई असं कायतरी हातात धरावं."

मी तेव्हा विट्याला अकरावीत होते. कॉलेजच्या सरांनी नुकताच धनुर्विद्येचा गट सुरू केलेला. मुली जास्त, धनुष्यं कमी, आणि जी होती ती सगळ्यांच्या हाताची असल्यामुळं कुणाच्याच हाताची नव्हती. हे ऐकल्यावर मामांनी मोळी सोडली. ओसरीवर बसून दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्यांनी माझ्यासाठी धनुष्य केलं. आधी दोऱ्यानं माझा हात मापला. मग मला मोकळ्या हवेत दोरी ओढायला लावायचे, समोर उकिडवं बसून बोटांकडं बघायचे. बाण दोरीत बसला की तर्जनी त्याच्या वर, मधलं बोट आणि अनामिका त्याच्या खाली, ही आमची शिकवलेली पकड. त्या पकडीच्या हिशोबानं त्यांनी बांबू घडवला. त्या धनुष्यानं मी पहिला बाण सोडला तेव्हा हाताला झटका बसला नाही, दोरी दंडावर घासली नाही. बाण गेला, आणि गेल्याचं मला नंतर कळलं.

सुगीत सगळी रानं एकदम पिवळी पडतात. पहाटे थंडी, दुपारी ऊन, अंगणात कणसांचा ढीग, अंगभर टोचणारी कूस. भाकरी नव्या शाळूची, टम्म फुगणारी. त्या वर्षी पीक चांगलं होतं, आई खुशीत होती. मळणी झाली, दारात कडब्याची गंज उभी राहिली. राज्य स्पर्धेच्या संघासाठी साताऱ्याला होणारी माझी निवड चाचणी दोन महिन्यांवर आली होती.

वीज त्या काळी सांगून जायची आणि न सांगता यायची. त्या दुपारी कुट्टी चालू असतानाच गेली. पेंढी अर्धी यंत्रात, अर्धी बाहेर. आई म्हशींना पाणी दाखवायला गेली, बटण तसंच राहिलं. अडकलेली धाटं तेवढ्यात ओढून काढावीत म्हणून मी हात घातला, आणि वीज आली. एवढंच. मला दुखल्याचं आठवत नाही. गंजीखालच्या कोंबड्या फडफडत उडाल्या ते आठवतं, आणि बादली टाकून धावत आलेली आई आठवते.  मामांनी आपलं उपरणं माझ्या हाताला गुंडाळलं आणि जीप बोलवायला पळाले.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उरलेलं बोट नीट शिवलं. पुढचं पेर गेलंय, बाकी हात चांगला आहे, असं ते म्हणाले. चांगला हा शब्द आईनं परतीच्या वाटेवर दहा वेळा उच्चारला असेल. सांगलीच्या बाजारात तेव्हा हळदीचे ढीग पडलेले असतात. गाडीच्या खिडकीतून तो वास आत येत होता, आणि आई बाहेर बघत स्वतःशीच बोलत होती, "बटण म्या बंद करायला पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी तिनं कुट्टीवर पोतं टाकलं, ते सुतळीनं बांधलं आणि कडबा कोयत्यानं तोडायला बसली. दोन म्हशींची वैरण कोयत्यानं तोडायची म्हणजे अख्खी सकाळ जाते. मामा म्हणाले, "शालने, मी चालवतो की मशीन." आई म्हणाली, "न्हाई."  तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यांवर चिंध्या बांधून ती तोडत राहिली. कोयत्याचा तो टक टक आवाज मला आत ऐकू यायचा आणि मी पांघरूण डोक्यावरून घ्यायची.

भेटायला बायका यायच्या. बिस्किटाचा पुडा द्यायच्या, उसासा टाकायच्या. शेजारच्या एक काकू प्रेमानंच म्हणाल्या, "लग्नाला काय अडायचं न्हाई, पदराखाली हात झाकतोय." मी तर अजून पदराच्या वयाचीही नव्हते. ओढणीखाली हात ठेवायची सवय मला त्या दिवसापासून लागली. जेवताना डाव्या हातानं जेवायची. कॉलेजला जायची बंद झाले. धनुष्य ओसरीच्या खुंटीला लटकत होतं.  बांबूला ऊन लागू नये म्हणून मामा तेवढं दुपारचं ते सावलीच्या खुंटीवर हलवायचे.

पट्टी सुटल्यावर एका दुपारी आई रानात गेली होती. मामा बाजेवर तोंडावर उपरणं घेऊन पडले होते. मी धनुष्य काढलं. परसात वाळक्या कडब्याच्या पेंढ्यांचा आमचा निशाणा अजून तसाच उभा होता. मी बाण बसवला. आखूड तर्जनी सवयीनं बाणाच्या वर गेली. ओढायला लागले तशी दोरी त्या नव्या, कोवळ्या टोकावरून निसटली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. बाण पायापाशी पडला.

"कुठं लागलं?"

मामा परसाच्या दारात उभे होते.

"मामा, माझ्यानं आता व्हायचं न्हाई."

"ते मी इचारलं न्हाई. दोरी कुठं लागली ते इचारलं."

बाण पडताच मी हात ओढणीखाली नेला होता, तो बाहेर काढला. पट्टी सुटल्यापासून घरात पहिल्यांदाच. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघितला. दया नव्हती त्या बघण्यात. हात कसा आहे, एवढंच ते बघत होते. मग म्हणाले, "हे बोट राहू दे आरामात. उरल्याली दोन दोरीवर ठेव. दोनी बाणाच्या खाली. आन् वढ."

मी ओढलं. दुखलं नाही. पण बाण सुटला तो शेपूट वर-खाली उडवत, दावं तोडून पळालेल्या करडासारखा, आणि पेंढ्यांच्या वरून कुंपणात गेला. धनुष्य माझ्या डाव्या हातात थरथरलं. दुसरा बाणही तसाच. तिसरा तसाच. मला रडू यायला लागलं होतं.

मामा धनुष्य घेऊन ओसरीवर बसले. मांडीवर आडवं ठेवून त्याच्यावरून हात फिरवत राहिले. "ह्याचा काय दोष न्हाई," ते म्हणाले. "आन् तुझा बी न्हाई. ह्याला म्या तीन बोटांची सवय लावली. तुझं एक बोट वर, दोन खाली, म्हणून खाललं पातं, म्हंजे मुठीखालचा बांबू, मुद्दाम कडक ठेवलं. आता तू सगळी वढ खालनं घेतीस. वरलं पातं लवतंय आन् खाललं अडून बसतंय. मग बाण गडबडणारच की."

"मग आता?"

"खाललं जरा खरवडायचं. आतल्या अंगानं. दोरीवर बाण बसतो ती गाठ थोडी वर घ्यायची. म्हंजे दोनी पाती बरोबर लवतील." मग जरा थांबून म्हणाले, "पण खरवडल्यालं परत चिकटत न्हाई, पोरी. जास्ती गेलं तर हे धनुष्य गेलं. मोळीतल्या बाकीच्या बांबूला भुंगा लागलाय. आन् म्या कवा दोन बोटांसाठी केल्यालं न्हाई. मला बी ठावं न्हाई कसं हुतंय." त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं. "तुझं हाय. तू सांग."

त्या महिन्यात मला कुणी काही विचारलंच नव्हतं. औषध घे म्हणत होते, झोप म्हणत होते, हात झाक म्हणत होते. तू सांग, असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं. खुंटीवर असेपर्यंत ते धनुष्य माझं होतं. मोडलं तर तेही उरणार नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत ते मांडीवर घेऊन बसले. आई रानातून आली, तिनं पाहिलं आणि चुलीकडं गेली. दिवेलागणीला मी मामांना म्हटलं, "खरवडा."

पुढचे दिवस मला एकेक असे आठवत नाहीत. एकच लांबलचक दुपार आठवते. बाटलीच्या फुटक्या काचेच्या धारेनं मामा बांबूच्या आतल्या अंगावरून हलकेच ओढायचे, भुरभुर पांढरा भुगा पडायचा. बाहेरच्या सालीला अजिबात धक्का नाही. चार वेळा ओढून झालं की थांबायचे आणि ते पातं गालाला लावायचे. डोळे मिटून, वरपासून खालपर्यंत, झोपलेल्या पोराच्या अंगाला गाल लावावा तसं. मला हसू आलं. "गालाला काय कळतंय?"

"बोटांना कळत न्हाई म्हणून." त्यांनी हात पुढं केला. इतके दिवस एका घरात राहून मी ती बोटं नीट बघितली नव्हती. टोकं तुळतुळीत, पिवळट, रेषा नसलेली. जन्मभर तेजाबात काम करून त्यांची जाणीवच गेली होती. म्हणूनच ते चहाचा कडकडीत पेला फडक्याशिवाय धरायचे. मला वाटायचं, मामांना उष्ण सोसतं. "गुळगुळीत झालं का खडबडीत राहिलं, हे ह्या बोटांना दिसत न्हाई. गाल तेवढा शाबूत हाय. आन् दोरी कुठं टोचती हे मला कळायचं न्हाई. ते तू सांगायचं. जसं हाय तसं सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नगो."

मग मी सांगत गेले. अनामिकेवर जास्त भार येतोय. आता मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरात रुततंय. आता सोडताना डाव्या हाताला खालून धक्का बसतोय. ते ऐकायचे, खरवडायचे, गाल लावायचे, पुन्हा माझ्या हातात द्यायचे. दोऱ्याची गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी वर गेली, मग आणखी अर्धा दाणा. बोलता बोलता मी उजवा हात हवेत नाचवून दाखवायला लागले होते, ओढणी कुठं पडली याचं भान नव्हतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईच्या आलं असावं. कारण त्याच दिवसांत कधीतरी तिनं माझ्यापुढं चामड्याचा एक लहानसा तुकडा ठेवला. दोन बोटं आत जातील असा शिवलेला, कडा दुमडलेल्या, आतून मऊ. दोरीचा काच बोटांना बसू नये म्हणून.

"कशाचं गं हे?"

"तुज्या आप्पांच्या जुन्या पाकिटाचं."

"आप्पा इचारतील की!"

"इचारू देत. रिकामंच असतंय." आणि ती हसली. सुगी उलटून चालली होती, तेव्हा कुठं.

बाण सरळ जायला लागला. शेपूट न हलवता, मुकाट्यानं. मी ओरडले. मामाही खूश झाले, पण लगेच त्यांनी बाण कुठं पोचला ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. धनुष्य मऊ झालं होतं. जवळचा निशाणा लागत होता. लांबचा मारायला जावं तर बाण अलीकडंच माती उकरत होता. खालचं पातं वरच्याच्या बरोबरीला आणताना एकंदर जोरच कमी झालेला.  दोन दिवस ते बाजेवर पडून आढ्याकडं बघत राहायचे. आई जेवायला हाक मारायची तर "भूक न्हाई" म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्यापाशी जाऊन बसले. "मामा, एखादा उपाय असंल की."

"हाय एक. पण तुला सांगावासा वाटत न्हाई."

"का?"

"टोकं कापायची. दोनी बाजूंनी. आखूड झालं की जोर वाढतो." ते उठून बसले, माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्याचं बी पेर कापायचं म्हंजे."

मला वाटलं मला रडू येईल. पण मला हसू फुटलं, खरं खरं, पोटातून. "मग कापा की. मी एकटीच किती दिवस आखूड राहू?"

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि तेही हसायला लागले, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसले. आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "काय झालं? काय झालं ह्यास्नी?" आम्हाला सांगताच येईना.

टोकं कापली. दोरीसाठी नव्या खाचा केल्या, दोरी आखडून बांधली. धनुष्य पहिल्यासारखं झालं नाही. थोडं बुटकं, थोडं चिडकं झालं. पण त्याचा बाण लांब जाऊ लागला. त्या दिवशी संध्याकाळी मी कुट्टीवरच्या पोत्याची सुतळी सोडली. आई कोयता हातात धरून बघत होती. मी म्हटलं, "बटणापाशी तू उभी राहा. मी घालते." ती नको म्हणाली नाही. वैरण होईपर्यंत बटणावर बोट ठेवून उभी राहिली, तिचे डोळे माझ्या हातांवरून क्षणभरही हलले नाहीत. वैरण झाल्यावर तिनं बटण बंद केलं, वायर भिंतीतून उपसून काढली आणि पिन मुठीत घट्ट धरून गोठ्याबाहेर येऊन बसली. मी शेजारी बसले. म्हशी खात होत्या.

साताऱ्याला मामा माझ्याबरोबर आले. आईला जनावरांमुळं निघता येईना. एसटीत धनुष्य जुन्या धोतरात गुंडाळून दोघांच्या मांडीवर आडवं. मैदानावर इतक्या मुली, इतकी चकचकीत धनुष्यं, आमचं बुटकं कापलेलं मला एकदम गावंढळ वाटलं. शेजारच्या मुलीनं माझ्या हाताकडं बघून विचारलं, "तुला बोट नाही?" मी म्हटलं, "दोन हायत की दोरीवर." पंचांनी बोलावून घेतलं, माझी पकड बघितली, आपसांत काहीतरी बोलले आणि "चालतं" म्हणाले. लांब कुंपणापाशी मामा छातीशी हात बांधून उभे होते.

जवळच्या अंतरावर माझे बाण चांगले गेले. लांबच्या अंतरावर शेवटी शेवटी अनामिका बधिर झाली, दोन बाण वाया गेले. दुपारी नावं वाचली, संघात माझं नाव नव्हतं. राखीव म्हणून होतं. मी मामांना सांगायला गेले.

"राखीव म्हंजे?"

"कोण आजारी पडलं तर मी."

मामांनी जरा विचार केला. "म्हंजे तू संघात हायस."

"हाय, पण..."

"पण काय न्हाई." परतताना रहिमतपूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी उतरून पेढे घेतले. कंडक्टरला दिले, ड्रायव्हरला दिले, पुढच्या बाकावरच्या अनोळखी म्हाताऱ्या जोडप्याला दिले. "भाची हाय माजी. संघात हाय." मी खिडकीत तोंड घालून बसले, लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. पुढं राज्याच्या स्पर्धेला मी गेले. कुणी आजारी पडलं नाही. मी एकही बाण न मारता परत आले, आणि मामा गावभर सांगत राहिले.

त्यानंतरची आणखी काही वर्षं मी खेळले. मोठं असं काही जिंकले नाही. शिकले, नोकरी लागली, लग्न झालं. लग्नात हात पदराबाहेर होता. मामा थोडी वर्षं आमच्यातच राहिले आणि एका थंडीत छातीच्याच दुखण्यानं गेले. ते धनुष्य माझ्या कोरेगावच्या घरी भिंतीवर आहे. बांबू आता जुना झाला, ओढवत नाही. शाळेत मुली येतात, कुणाची बोटं लांबसडक, कुणाची भाकऱ्या थापून जाड झालेली, कुणाच्या तळव्याला घाम. मी त्यांना पकड शिकवायच्या आधी त्यांचे हात बघते. एखादी म्हणते, "बाई, मला जमत नाही." मी विचारते, "दोरी कुठं लागते ते दाखव." पुष्कळदा तेवढ्यानंच निम्मं काम होतं. दोऱ्याची गाठ जराशी सरकवते, कधी दोरीच बदलते. हात बदलायला सांगत नाही.

पण त्या सुगीतलं सगळ्यात जवळचं असं मला जे आठवतं, त्यात बाण नाही, निशाणा नाही. साताऱ्याहून आम्ही घरी पोचलो त्या संध्याकाळचं ते आहे. रानं मोकळी झाली होती, सगळीकडं नुसती ढेकळं. आई दारातच उभी होती. तिनं निकाल विचारला नाही. मामा पेढ्यांचा पुडा पुढं करून सांगायला लागले तर तिनं तो हातात घेऊन तसाच चौकटीत ठेवला.

"दुखलं का गं लय?"

"न्हाई. शेवटी जरा बधिर झालं, बास."

"बघू."

मी हात पुढं केला. अपघातानंतर पट्टी मामा बदलायचे, आई तेवढ्या वेळापुरती गोठ्यात जायची. दवाखान्यातसुद्धा ती माझा डावा हात धरून बसली होती. त्या संध्याकाळी तिनं माझ्या बोटांवरचं, वाटभर मी काढलंच नव्हतं ते चामडं सावकाश सोडवलं, कमरेला खोचलं. मधलं बोट, अनामिका दाबून बघितली. मग थांबली. मग अंगठ्यानं त्या आखूड बोटाच्या टोकावरून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, जन्मलेल्या पोराची टाळू चाचपावी तसा. तिचे हात कोयत्यानं खरखरीत झालेले, आणि तरी मला ते लागले नाहीत. ते नवं कातडं फार कोवळं होतं. कुणाचंही बोट लागलं तरी मी हात ओढून घ्यायची. तिचं लागलं आणि मी हात तसाच ठेवला.

"मऊ हाय गं," आई म्हणाली. इतक्या आश्चर्यानं म्हणाली, की इतके दिवस तिच्या मनात तिथं काय होतं ते मला तेव्हा कळलं.

मामा पायरीवर बसून बूट काढत होते, ते मान खाली घालून काढतच राहिले. आत चूल पेटलेली होती. आईनं माझा हात सोडला नाही. तसाच धरून, मला आत नेत म्हणाली, "चल. भाकरी गरम हाय. आज उजव्या हातानं जेव."